हीटर फुल

साहेब गाडीतच हार्ट अटॅकने गेले, तेव्हापासून त्यांची जुनी स्पोर्ट्स कार उभीच होती. आता विकायची म्हणून वहिनींनी ती ओढून मिस्त्रीच्या दारात आणली.

"इंजिन फार तापायचं. तेवढं बघा."

इंजिन थंड ठेवणारा थर्मोस्टॅट अडकला होता. पण शेजारचा, धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट पाइपही चिरला होता. हीटर लावला की विषारी धूर थेट आत शिरणार. मिस्त्रीने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं.

"त्या दिवशी हीटर चालू होता?"

"फुल! काचा बंद, बाहेर धो धो पाऊस. तुम्हीच फोनवर सांगितलंत ना, इंजिन तापलं की हीटर फुल लावा, इंजिनची उष्णता आत निघून जाते, गाडी घरापर्यंत येते? तुमचा शब्द म्हणजे त्यांना ब्रह्मवाक्य. का हो, आणखी काही सापडलं?"

मिस्त्रीने बॉनेट लावलं.

"नाही, वहिनी. थर्मोस्टॅटच."