स्फटिकातली खोट

पडद्यावरची रेघ पुन्हा वर चढली, तसा वसीलाने हातातला चिमटा टेबलावर आपटला.

क्ष-किरणांचं यंत्र बंद होतं. किरण पडत नसतील तर स्फटिकाने गप्प बसावं, एवढीच तिची अपेक्षा. शिसं आणि ब्रोमीन घालून ती हे नारिंगी पेरोव्स्काइटचे स्फटिक वाढवत होती. अगदी थोड्या किरणांत लहान मुलांच्या छातीचं चित्र निघावं, यासाठी सगळा खटाटोप. पण किरण नसतानाच बडबडणारा स्फटिक काय कामाचा? गुरुवारी निधी देणारी समिती येणार होती. रेघ सपाट दिसली नाही तर स्फॅक्स शहरातली ही प्रयोगशाळा बंद, आणि तिची उमेदीची सगळी वर्षं पाण्यात.

"स्फटिकात खोट नाही," मोजणीला बसलेला नौफल म्हणाला. "मला घरी जाऊ दे. तू एकटी मोज."

"नवरा म्हणून समजूत घरी घाल. इथे सहकारी म्हणून बोल."

नौफल उठून निघाला. तो गेल्यावर तिने स्फटिक द्रावणात टाकला आणि विरघळताना पाहत उभी राहिली. आधीचे दोनही तिने असेच संपवले होते. तिला रडावंसं वाटलं, पण रडायलाही जोर लागतो, आणि तो आता उरला नव्हता.

ट्यूनिसच्या परिषदेहून आल्यापासून नौफल तुटक वागत होता. घोरण्याचं निमित्त काढून बैठकीच्या खोलीत झोपे. रविवारचा कुसकुस सगळं घर एका परातीत जेवायचं, तर हा आपली बशी घेऊन खिडकीशी. धाकटी लेक एमना मांडीवर चढायला धावली, तर त्याने तिला हातानेच लांब थोपवलं. पोर हिरमुसली. दोन वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली तेव्हा इस्पितळातही सगळ्यांना हसवणारा माणूस हाच का, असं वसीलाला वाटे. तिच्या आईने तर निकालच दिला होता: "पुरुषाने ताट वेगळं मांडलं, की मन त्याआधीच वेगळं झालेलं असतं."

मंगळवारी नौफल आलाच नाही. वसीलाने शेवटचा उरलेला स्फटिक जोडला. रेघ सपाट. पुन्हा मोजलं, पुन्हा सपाट.

आनंद व्हायच्या ऐवजी ती नौफलच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिली. तो असला की बिघडतं, नसला की नाही. परदेशातून, लियाँहून त्याला नोकरीचं बोलावणं होतं. प्रयोगशाळा बुडाली की हा जायला मोकळा. म्हणजे इतके दिवस घरचाच माणूस मुळावर घाव घालत होता, आणि ती बिचाऱ्या स्फटिकांना दोष देत बसली होती.

बुधवारी तिने क्ष-किरण यंत्राची वायर भिंतीतूनच उपटली, स्फटिक जोडलेला मोजणीचा खोका चालू ठेवून कुलूपबंद केला आणि त्याला बोलावून घेतलं. तो दारातच थबकला.

"इथूनच बोलू," तो म्हणाला.

"का? जवळ आलास तर चोरी पकडली जाईल? हात खिशात घाल आणि ये."

तो आला. काही शिवला नाही, नुसता टेबलाशी उभा राहिला. रेघ चढत गेली. तिने त्याला मागे जायला सांगितलं. तो दाराशी पोचला तशी रेघ उतरली.

"खिसे उलटे कर."

किल्ल्या निघाल्या, रुमाल निघाला. आणखी काही नाही.

"काय आणलंयस अंगावर? माझं आयुष्य बुडवायला निघालास, तर निदान कशाने बुडवतोस ते तरी सांग."

नौफल चौकट धरून उभा राहिला. जवळ यायला त्याने पाऊल उचललं आणि परत मागे घेतलं.

"परिषद नव्हतीच, वसीला. गळ्यातला कर्करोग फुप्फुसांत उतरलाय. त्यावरचं किरणोत्सर्गी औषध माझ्या अंगात आहे. त्याचे किरण तुझा स्फटिक बरोबरच मोजत होता."