वाण घेऊन आलेली

चारचे साडेचार झाले, पंचवीस बायका येऊन बसल्या, आणि वाणाचा पत्ता नव्हता.

सिंगापुरातल्या पुंगोलच्या त्या फ्लॅटमध्ये काळ्या साड्यांची नुसती दाटी झाली होती. सोफा भरला, जेवणाच्या खुर्च्या भरल्या, उरलेल्या जणी सतरंजीवर बसल्या. हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ देऊन झाला, अत्तरही झालं. आता हातात द्यायचं काय? अनुयाला सहाला दुसऱ्या हळदीकुंकवाला जायचं होतं आणि ती ते तिसऱ्यांदा सांगत होती. उर्मिलाचा जीव मेटाकुटीला आला होता.

आणि हे सगळं तिनं स्वतःच्या हौसेनं ओढवून घेतलं होतं. चांगी बिझनेस पार्कमधल्या तिच्या बँकेत डिसेंबरात फर्मान निघालं, की यंदा भेटवस्तू कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांकडून घ्यायच्या. उर्मिला त्या समितीत होती. शोधता शोधता तिला वंजिरू सापडली. मूळची केनियाची, राहायला इथेच, एलआरटीनं दोन स्टेशनं पलीकडे. तिच्या देशातल्या भडक छापील कापडाच्या पिशव्या शिवून विकायची. ऑफिसचं काम झालं, तिथे थांबावं की नाही? पण नाही. संक्रांतीचं वाणही हिच्याकडूनच घ्यायचं, तीस बटवे, असं उर्मिलाच्या मनानं घेतलं. प्लास्टिकचे डबे किती वर्षं लुटायचे?

महिनाभर तिनं हे भेटेल त्याला ऐकवलं. सासूबाईंना वाटलं, संक्रांत म्हणून काळे बटवे येणार. बटवे काळे नाहीत, शिवणारी काळी आहे, हे समजावण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग मैत्रिणींच्या फर्माइशी सुरू झाल्या. नीताला निळा नको, अनुयाला नाडीऐवजी चेन हवी, कुणाला आत कप्पा हवा. इकडचे निरोप तिकडे पोचवताना उर्मिलाच्या नाकी नऊ आले. शेवटी तिनं वैतागून वंजिरूला हळदीकुंकवाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्येच घातलं. घाला काय तो गोंधळ आपापसांत.

आता त्याच बायका गालातल्या गालात हसत होत्या. वाण केनियाहून बोटीनं निघालंय का, असं नीतानं विचारलंसुद्धा. उर्मिला कसनुसं हसली, स्वयंपाकघरात गेली, आणि तिथे तिचा तोल गेला. दुपारपासून तिनं वंजिरूला चार फोन केले होते. एकही उचललेला नव्हता. तिनं खणखणीत इंग्रजीत मेसेज ठोकला: ‘फार उशीर केलास. माझ्याकडे पाहुणे बसलेत. आत येऊ नकोस. पिशवी दाराबाहेर ठेव आणि जा.’ पाठवला, आणि तिला जरा बरं वाटलं.

पाच मिनिटांत बेल वाजली. उर्मिलानं दार उघडलं आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला.

वंजिरू पिशवी देईना. ती वाकून सँडलचे पट्टे सोडत होती. अंगात घोळदार काळा झगा, केसांच्या बारीक बारीक ताज्या वेण्या, खांद्याला बटव्यांची पिशवी आणि हातात घरी केलेला केक. उशिराबद्दल तिनं तीनदा माफी मागितली. वेण्या घालायलाच पाच तास गेले, त्यात फोन हातात घेता आला नाही. आणि काळा झगा तिच्याकडे नव्हताच, तो या आठवड्यात शिवला. ग्रुपवरच्या निमंत्रणात लिहिलं होतं ना, शनिवारी चार वाजता, सगळ्यांनी काळे कपडे घालून या.

निमंत्रण उर्मिलानंच टाकलं होतं. त्या ‘सगळ्यां’मध्ये वंजिरूही येते, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. शरमेनं तिचे कान तापले. एवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी वंजिरूला हाताला धरून आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि कुंकवाचा करंडा मागितला. करंडा देऊन उर्मिला केक ठेवायच्या निमित्तानं आत पळाली. फोन उघडला. मेसेजखालच्या दोन्ही खुणा अजून करड्याच होत्या. वाचला नव्हता. देवा, वाचला नव्हता. तिनं तो दोन्हीकडून पुसून टाकला आणि ओट्याला टेकून क्षणभर उभी राहिली.

बाहेर गलका वाढला होता. बटवे हातोहात गेले. निळा नको म्हणणाऱ्या नीतानं नेमका निळाच उचलला. वंजिरूच्या कपाळावर हळदीकुंकू होतं, हातात तिळाचा लाडू होता. सिंगापूरला येऊन दोन वर्षं झाली, ती सासूबाईंना सांगत होती, आणि कुणाच्या घरचं बोलावणं आलं ते हे पहिलंच. सासूबाईंना तिचं इंग्रजी निम्मंच कळलं, पण त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. उर्मिलाला ते बघवेना. आपण किती वाईट वागलो, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

मग सगळ्यांचा फोटो निघाला. तो ग्रुपवर टाकायला वंजिरूनं आपला फोन उघडला. शेजारून नीता डोकावत होतीच.

“काय गं उर्मिला, हिला काय पाठवून पुसलंस?”

खरं सांगायची उर्मिलाची छाती होईना. सगळ्यांकडे पाठ करावी असं तिला वाटलं, पण वंजिरू तिच्याकडेच बघत होती. तिला कळावं म्हणून उर्मिला इंग्रजीतच म्हणाली, “तो चुकीच्या माणसाला गेला होता.”

वंजिरूनं लाडवाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि ती हसली.

“हो, लिफ्टमध्ये न उघडता स्क्रीनवरच वाचला, तेव्हा मलाही तसंच वाटलं.”