खांबाच्या दोन बाजू

लुसियँ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ब्रश पुसत बसले होते. एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या रंगाचा. सेवरीनने आलुबुखाऱ्याचा टार्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि खुर्ची मागे ओढून मुद्दाम पाय लांब केले. पायांत चालायचे बूट होते, कोरे करकरीत.

“नवे?” लुसियँनी विचारलं.

“हो.”

ते क्षणभर बुटांकडे बघत राहिले. “छान आहेत,” म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावली. “निघतो. नादेज वाट बघत असेल.”

“टार्ट तरी खाऊन जा, पप्पा.”

“दोन तुकडे बांधून दे. तिला तुझ्या हातचं फार आवडतं.”

सेवरीनने दोन तुकडे बांधले. नादेजचा जरा लहानच कापला.

बझांसों शहरातून निघून दू नदीच्या काठाकाठाने, किल्ल्याखालून जाणारी बारा किलोमीटरची पायवाट लुसियँकडे सोपवलेली होती. चालणाऱ्यांना रस्ता कळावा म्हणून खांबांवर, झाडांवर, पुलाच्या कठड्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवायच्या. पुसट झाल्या की पुन्हा रंगवायच्या. हौशी लोकांचं काम, बिनपगारी, आणि नेहमी जोडीने करायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते घेतलं, तेव्हा सेवरीनला वाटलं होतं, आता आपल्याला विचारतील. त्यांनी नादेजचं नाव सांगितलं. पोस्टात काम करणारी, पस्तिशीची, ना नात्याची ना गोत्याची. याला सहा वर्षं झाली.

सेवरीन बारा वर्षांची असताना एका रविवारी अर्ध्या वाटेत फतकल मारून बसली होती. “तुझं चालणं तुलाच लखलाभ,” असं बापाला म्हणाली होती. त्यानंतर त्यांनी तिला कधी ‘चल’ म्हटलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी बापाला असं कुठल्या तोंडाने विचारायचं? ती दर शनिवारी सकाळी काहीतरी करून आणायची आणि त्यांना निघताना बघायची.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा खांब होता. नदीकडून आलं की त्यावर लुसियँच्या हातची पट्टी दिसायची, फूटपट्टी लावून मारल्यासारखी सरळ. पुढे जाऊन मागे वळलं की पलीकडच्या अंगाला नादेजची, कडा किंचित ओघळलेली. एकाच खांबाला दोघं पाठीला पाठ लावून. कामावरून येताना सेवरीनची नजर नेमकी त्या ओघळलेल्या पट्टीवर जायची. एकदा आसपास कुणी नाही असं बघून तिने ती किल्लीने खरवडली. पुढच्या शनिवारी पट्टी पुन्हा ताजी झाली. “कुणीतरी नादेजवर डूख धरलाय बघ,” लुसियँ संध्याकाळी हसत म्हणाले. तीही हसली.

सेवरीन नवे बूट घालून आली होती त्या शनिवारी साडेअकराला किल्ल्याखालच्या वाटेवर लुसियँ एका सायकलवाल्याला पडलेले दिसले. हृदय थांबलं होतं. तास तरी झाला असेल, असं डॉक्टर म्हणाले. तो तास सेवरीनच्या मनात रुतून बसला. सहा वर्षांचे सगळे शनिवार जिने घेतले, ती त्या एका तासात कुठे होती? दफनाआधी चर्चमध्ये नादेज मागच्या बाकावर हुंदके देत होती. रडण्यातही हिचाच नंबर पहिला, असं सेवरीनच्या मनात आलं. नादेजने हात पुढे केला तेव्हा तिने तो घेतला नाही.

तिसऱ्या शनिवारी ती स्वतःच नदीवर गेली. बंधाऱ्याजवळ नादेज गुडघ्यांवर बसून एका झाडाच्या बुंध्यावरचा जुना रंग खरडत होती.

“मिळाला का नवा जोडीदार?” सेवरीनने विचारलं.

नादेज दचकून उठली. “नाही. एकटीच आहे.”

“तुम्हाला काय, सवयच आहे. माणसाला वाटेत टाकून पुढे निघून जायची.”

नादेजचा चेहरा उतरला. “मी पुढे नव्हते गेले. मी समोरून येत होते.”

“समोरून म्हणजे?”

“जाणाऱ्याला जी खूण दिसते ती येणाऱ्याला दिसत नाही. म्हणून एकाने या टोकाकडून निघायचं, दुसऱ्याने त्या टोकाकडून. जो ज्या दिशेने चालतो, तो त्या दिशेच्या खुणा रंगवतो. मध्ये इथे, बंधाऱ्यावर भेट. वीस मिनिटं बसायचं, खायचं, की पुन्हा आपापली वाट.”

“सहा वर्षं तुम्ही बरोबर चालत होतात.”

“एकदाही नाही.”

सेवरीनची नजर बुंध्यावरच्या अर्धवट खरडलेल्या रंगावर गेली.

“डॉक्टरांनी त्यांना एकट्याने चालू नका म्हणून बजावलं होतं,” नादेज म्हणाली. सेवरीनला हे ठाऊक नव्हतं. “मी म्हटलं, खुणा गेल्या खड्ड्यात, मी तुमच्या बाजूने येते. तर म्हणाले, कशाला? सेवरीन असते ना बरोबर. कंटाळते, पण येते. दर शनिवारी विचारायचे मी. दर शनिवारी तेच. हेवा वाटायचा हो मला तुमचा. त्या दिवशी ते फोन उचलेनात, तरी मी इथेच थांबले. म्हटलं, मुलगी आहे जवळ. दफनाच्या वेळी मी तुमच्याकडेच बघत होते. त्या तासात ही कुठे होती, असं सारखं मनात येत होतं.”

बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं. नादेज उत्तराची वाट बघत होती. सेवरीनने ‘नाही’ अशी मान हलवली आणि ती वळून किल्ल्याकडे चालू लागली, वडील जिथून येत असत त्या बाजूला. खडकाखाली वाट अरुंद होत गेली. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. तिथे ती थांबली.

“पप्पा,” ती मोठ्याने म्हणाली, “मी येऊ का तुझ्याबरोबर?”