तानुबाईची जागा

परभणीत स्टेशनजवळचा रस्ता झाडणाऱ्या कावेरीला एक जागा कधीच झाडावी लागली नाही. बंद दुकानापुढच्या त्या फरशीवर राहणारी म्हातारी तानुबाई रोज सकाळी स्वतःच झाडून सडा टाकायची. आज शहराच्या स्वच्छतेची तपासणी होती, म्हणून सफाईच्या ठेकेदाराच्या मुकादमानं रस्त्यावरच्या माणसांना गावाबाहेर सोडायला गाडी आणली. “साहेब, घाण कुठं दिसायली तेवढं दाखवा,” तानुबाई हात जोडून म्हणाली, “आत्ता काढते.” मुकादम कावेरीवर खेकसला, “हिला तूच चढव, न्हाईतर उद्यापासून कामाला येऊ नको.” कावेरीनं म्हातारीचा दंड धरला खरा, पण तिच्यानं ओढवेना, नुसतं रडूच फुटलं. तानुबाईनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि आपणहून बोचकं उचलून गाडीत टाकलं. “रडू नको माय. तुला लेकरं हायत,” असं म्हणत ती चढली. कावेरीनं तिला अडवलं नाही.