मातीची भूक

पास्कूला आईला बाबांच्याच कबरीत ठेवायचं होतं. वसईच्या त्या दफनभूमीत जागा मुळातच कमी. म्हणून सात वर्षांनी कबर उघडायची, उरलीसुरली हाडं गोळा करायची आणि तिथंच घरातलं दुसरं माणूस ठेवायचं, अशी गावाची रीत. पास्कूनं फावडं चालवलं. पेटी लागली. झाकण उचललं.

बाबा सात वर्षांपूर्वी निजवले होते तसेच होते. छातीवरचा झेंडूसुद्धा पिवळाधमक.

ते वारले त्याच वर्षी, केळी नासू नयेत म्हणून आभाळातून फवारणी झाली होती. कुजवणारे बारीक जीव मेले, फळं टिकली, गावानं पेढे वाटले. मग पाल्याचं खत होईना, नवी केळ पोसेना. तरी पास्कूला वाटायचं, आपल्या माणसांना तरी ही माती पोटात घेईल.

"फादर, आता आईला कुठं ठेवू?"

"बाबांच्या शेजारी ठेव," फादर लोपीस म्हणाले. "खड्डा रुंद कर."

मग त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. माणूस मातीला मिळतो, त्या ओळीपाशी ते अडखळले आणि त्यांनी गुपचूप पान उलटलं.