झाकण उघडलं की तापतो

"ताई, हा लॅपटॉप आहे की तवा? घावणे निघतील यावर," हेमू मेकॅनिक म्हणाला. इंदूताई हसल्या नाहीत. लॅपटॉप झोपेतून उठला की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जायचा आणि पंखा घरघरायचा. हेमूनं चालू कामांची यादी उघडली. सगळी ताकद एकच काम खात होतं: मालकाचा शोध. हल्लीची यंत्रं मालकाला टायपिंगच्या ठेक्यावरून ओळखायची. इंदूताईंच्या यजमानांना, खानोलकर मास्तरांना जाऊन सहा महिने झाले, तरी हा रोज उठल्या उठल्या त्यांनाच शोधत होता.

"दोन मिनिटांत बंद करतो," हेमू म्हणाला. "नाहीतर शोधून शोधून जळेल एक दिवस."

"मग मोठा पंखा बसव," इंदूताई म्हणाल्या. "पण त्याला थांबवू नकोस रे. घरात त्यांची वाट बघणारे आम्ही दोघंच उरलोय."