पेरूचा राक्षस

"तुझी पाळी. नेहमीसारखी आमची मलमपट्टी ना?" मल्हारने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं.

टेबलावर पेरू उभा होता. पेरू म्हणजे राक्षस, भोवतीचे शेंगदाणे म्हणजे त्याची फौज. गोष्ट सौमित्र सांगतो, आम्ही बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकतो. शेवटचा घाव ज्याचा, त्याने शत्रू खायचा, हा आमचा रिवाज. पण दर रविवारी लढाई तीच: फासा टाका, घाव घाला, राक्षसाची ताकद वजा करा. मी वैद्य. सगळ्यांना बरं करायचं आणि त्यांना खाताना बघत बसायचं.

"मलमपट्टी करते," मी म्हणाले, "पण राक्षसाची."

"काहीतरीच काय! असं नियमात कुठे आहे?" मल्हार खेकसला. पेरूसाठी त्याने तिखटमीठसुद्धा काढून ठेवलं होतं.

"करू नये असं तरी कुठे आहे? दर वेळी तुमच्याच जखमा बांधायला मला वेठीला धरलंय का?"

सौमित्रने आधी मल्हारकडे, मग माझ्याकडे बघितलं. "टाक फासा."

फासा वाटीवर आपटून थांबला. सहा!

"राक्षसाची जखम भरते," सौमित्रचा आवाज चढला. "तो तुझ्याकडे बघतो, गुडघे टेकतो. आता तो तुझ्या बाजूने लढणार."

मल्हारने मोबाइल पालथा ठेवला. सगळे खुर्च्यांतून उठले होते. मल्हारचा हात सवयीने पेरूकडे गेला, तसा मी पेरू उचलून माझ्यासमोर ठेवला.

"खबरदार! आधी आम्हा दोघांशी लढ."